दुकानाचें गिऱ्हाईक आणि दुकानाचा भागीदार

किराणा घेणारा मनुष्य दुकानाविषयीं जें जाणतो तें त्या दुकानाच्या भागीदारास ठाऊक असतेंच असें नाहीं. आणि भागीदारास जें ठाऊक असावयास हवें त्याची गिऱ्हाइकास बहुधा गंधवार्ताहि नसते. हा भेद पूर्वी सांगण्याची गरज पडत नसे. भंडारा-तुमसरच्या पेठेंतील वाण्याचें दुकान त्याच्या घरचें असे. त्यांत आपण भागीदार व्हावें असें कोणाच्या मनांत येत नसे, आणि त्यानेंहि कोणास घेतलें नसतें. महिन्याची यादी द्यावी, पिशव्या घरीं याव्या, हिशेब वहींत मांडला जावा, आणि पगार झाल्यावर किंवा धान विकल्यावर तो चुकता व्हावा, इतकाच उभयतांचा संबंध. आतां तीच गृहिणी साठ किलोमीटरांवरील नागपुरास जाते, तेथील डी-मार्टमध्यें ढकलगाडी भरते, छापील किमतीहून कमी लागलेले आंकडे पावतीवर पाहून संतुष्ट होते, आणि परततांना गाडींतच तिचा मुलगा किंवा दीर म्हणतो, "एवढी गर्दी असते, मग ह्यांचे शेअरच कां घेऊं नयेत?"

प्रश्न टाकाऊ नाहीं. ज्या मालाची पारख आपणांस आहे त्याच्याच धंद्यांत पैसा घालावा हा विचार शहाणपणाचा आहे. आणि सोन्याच्या पाटल्या व बँकेची पावती ह्यांपलीकडे सहसा न पाहणाऱ्या आमच्या वर्गांत तो उत्पन्न झाला ह्याचें आम्हांस समाधानच वाटतें. परंतु गर्दी पाहून दुकान चालतें कीं नाहीं एवढें कळतें. शेअर स्वस्त कीं महाग हें कळत नाहीं. ह्या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळें अनेक सुशिक्षित कुटुंबांनीं हात पोळून घेतले आहेत, यास्तव ह्या अंकीं तिचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डी-मार्ट हें दुकानांचें नांव. कंपनीचें नांव ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स. तिचे संस्थापक श्री. राधाकिशन दमाणी हे मुंबईच्या शेअरबाजारांत मुरलेले गृहस्थ. दुकानदारीकडे ते वळले ते प्रथम सहकाराच्या वाटेनें, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. १९९९ सालीं त्यांनीं नेरुळ येथें 'अपना बाजार'ची एक शाखा चालवावयास घेतली होती. 'अपना बाजार' म्हणजे मुंबईच्या नायगांवांत १९४८ सालीं कामगारांनीं उभारलेलें ग्राहकांचें सहकारी दुकान. तेथें गिऱ्हाईक आणि मालक एकच. इंग्लंडांतील रॉचडेलच्या विणकरांनीं १८४४ सालीं जो प्रयोग केला त्याच कुळांतला हा. दमाणींस ती पद्धति मानवली नाहीं. २००२ सालीं त्यांनीं पवईस स्वतःचें पहिलें दुकान उघडलें, आणि मार्च २०१७ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षांत, दुकानांची संख्या अवघी १३१ झाली. इतर साखळ्या वर्षाला शेंकड्यांनीं दुकानें उघडीत असतां हा संथपणा पाहून त्या काळीं पुष्कळांस नवल वाटे.

ह्या संथपणाचें कारण त्यांच्या एका हट्टांत आहे. शक्य तेथवर जागा भाड्यानें घ्यावयाची नाहीं. विकत घ्यावयाची, निदान दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें घ्यावयाची. त्यामुळें भांडवल फार अडकतें, वाढ सावकाश होते. पण घरमालकास भाडें वाढवितां येत नाहीं आणि वाईट दिवसांत दुकानास कुलूप लागत नाहीं. दुसरी संवय माल देणाऱ्यांचे पैसे लवकर चुकते करण्याची. ह्या धंद्यांत महिना-दीड महिना पैसे थकविणें ही जणुं रीतच आहे. ज्याला आठवड्याभरांत रोकड मिळते तो व्यापारी आपण होऊन भाव उतरवितो. आमच्या आज्या-पणज्यांना हें सूत्र कोणीं शिकविलें नव्हतें, तरी वाण्याची उधारी वेळेवर फेडणाऱ्या घरास डाळ निवडक मिळते हें त्या जाणून होत्या. तिसरें असें कीं, एकाच वस्तूचे वीस प्रकार मांडावयाचे नाहींत. जे खपतात तेवढेच ठेवावयाचे. दुकानांत शोभा नाहीं, सुगंध नाहीं, बसावयास खुर्ची नाहीं. २०२४-२५ ह्या वर्षीं ह्याच रीतीनें ५९ हजार कोटी रुपयांहून अधिक विक्री झाली, दुकानें ४१५ झालीं, आणि निव्वळ नफा सुमारें २,७०० कोटी रुपये झाला. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागें कंपनीच्या पदरीं सारे साडेचार रुपये. एवढा मोठा पसारा इतक्या बारीक धाग्यावर लटकलेला असतो हें गिऱ्हाइकास दिसत नाहीं.

आतां शेअरकडे वळूं. मार्च २०१७ मध्यें कंपनीनें २९९ रुपये दरानें लोकांस शेअर देऊं केले. कमीत कमी ५० शेअर मागावे लागत, म्हणजे १४,९५० रुपये गुंतवावे लागत. मागणी शंभर पटींहून अधिक आली. २१ मार्च रोजीं बाजारांत पहिला सौदा झाला तोच सहाशें रुपयांच्या घरांत. मार्च २०२५ अखेर भाव चार हजारांच्या आसपास होता. म्हणजे त्या पन्नास शेअरांचे दोन लाख झाले. हा हिशेब आज लग्नाच्या पंगतींतहि ऐकूं येतो, आणि तो खोटा नाहीं. मात्र मागणी इतकी होती कीं अर्ज करणाऱ्या पुष्कळांच्या वांट्यास एकहि शेअर आला नाहीं. त्यांस घ्यावयाचेच तर दुप्पट भावानें घ्यावे लागले. ज्यास मिळाले आणि ज्यानें आठ वर्षें विकले नाहींत असा मनुष्य पंगतींत शोधून काढावा लागेल.

याहून अधिक बोधप्रद कथा पुढचीच आहे, आणि ती पंगतींत कोणी सांगत नाहीं. ऑक्टोबर २०२१ मध्यें हा भाव ५,८०० रुपयांच्या घरांत गेला होता. मार्च २०२२ मध्यें संपलेल्या वर्षीं एका शेअरमागें नफा होता सुमारें २३ रुपये. म्हणजे वर्षाकाठीं एक रुपया नफ्याचा हक्क मिळविण्यासाठीं लोक अडीचशें रुपये मोजीत होते! पुढें तीन वर्षें कंपनीनें काम चोख केलें. दुकानें वाढलीं, विक्री वाढली, आणि शेअरमागील नफा २०२४-२५ मध्यें साडेएकेचाळीस रुपयांच्या वर गेला. जवळजवळ शेंकडा ऐंशीं वाढला. आणि भाव? तो शेंकडा तीसनें उतरला. धंदा वाढला असतांहि भागीदार बुडाला, कारण ह्या वाढीची किंमत त्यानें आधींच, आणि तीहि अवाच्या सवा, देऊन टाकिली होती. चार हजारांच्या भावांतहि एक रुपया नफ्यास जवळजवळ शंभर रुपये पडतात. पवनी-लाखांदूरकडील धानाचें शेत त्याच्या शंभर वर्षांच्या निव्वळ उत्पन्नाइतकी किंमत देऊन कोणी घेईल काय? हमरस्त्याकांठचें शेत घेणारे घेतात, असें कोणी म्हणेल. घेतात खरे, पण ते धानासाठीं घेत नाहींत, पुढच्या गिऱ्हाइकासाठीं घेतात. शेअरचेंहि तेंच आहे, आणि ज्यास पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहण्याचें सामर्थ्य नाहीं त्यानें ह्या वाटेस जाऊं नये.

हें सामर्थ्य कोणास असतें व कोणास नसतें, हें पवनी तालुक्यांतून आलेल्या एका पत्रावरून स्पष्ट होईल. पत्रलेखक घरांतील वडील बंधु. वैनगंगेवरील गोसीखुर्दच्या धरणांत, ज्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्तें बसली, त्यांची शेती गेली. मोबदल्याचे बत्तीस लाख रुपये बँकेंत मुदतठेवींत आहेत. घरीं वृद्ध मातुःश्री, तिघे बंधु, त्यांचीं मुलेंबाळें. एक भगिनी गोंदियास दिलेली. धाकटे बंधु पुण्यास नोकरीस आहेत. त्यांचा आग्रह असा कीं, अर्धी रक्कम डी-मार्टच्या शेअरांत घालावी, खातें आपल्या नांवें उघडावें, कारण कुटुंबांत तेवढेंच एक माणूस ह्या व्यवहारांत जाणतें आहे. मातुःश्री म्हणतात, "शेत बुडालें, आतां पैसाहि पाण्यांत घालूं नका." वडील बंधूंस दोहोंपैकीं कोणास दुखवावें हें कळेनासें झालें आहे.

धाकट्या बंधूंचा हेतु शुद्ध आहे ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं, आणि त्यांची कंपनीची निवडहि आम्ही वाईट म्हणत नाहीं. तथापि सोळा लाखांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. ठेवीवर शेंकडा साडेसहा व्याज धरलें तरी सोळा लाखांवर वर्षाला एक लाख चार हजार रुपये घरांत येतात. त्यांतून मातुःश्रींचीं औषधें, मुलांच्या फिया, एखादें श्राद्धपक्षाचें कार्य चालतें. तेच सोळा लाख शेअरांत गेले तर चार हजारांच्या भावानें चारशें शेअर येतील; त्यांच्यामागें कंपनीचा नफा साडेसोळा हजारांच्या आसपास असेल, आणि त्यांतील हातीं पडणारी रक्कम शून्य. कारण शेअर बाजारांत आल्यापासून, म्हणजे २०१७ पासून २०२५ पर्यंत, ह्या कंपनीनें एकदांहि लाभांश वांटलेला नाहीं. सारा नफा नव्या दुकानांत घातला जातो. धंद्याच्या दृष्टीनें हें उत्तमच आहे. ज्या घराची चूल व्याजावर पेटते त्याच्या दृष्टीनें नव्हे. असल्या घरास दर अडचणीला चार-दोन शेअर विकावे लागतील, आणि अडचण भाव पाहून येत नाहीं.

शिवाय कोणतीहि साखळी तुटूं शकते. २००१ सालीं कलकत्त्यास पहिलें 'बिग बझार' उघडलें, तेव्हां किशोर बियाणींचें नांव ज्याच्या त्याच्या तोंडीं होऊं लागलें. त्या दुकानांतील गर्दी डी-मार्टहून रेसभरहि कमी नव्हती. पण दुकानें भाड्याचीं आणि कर्ज डोक्यावर. २०२० सालीं महामारीनें टाळेबंदी आली आणि विक्री थांबली, तरी भाडें व व्याज थांबलें नाहीं. ऑगस्ट २०२० मध्यें धंदा रिलायन्सला विकण्याचा करार जाहीर झाला, तो ॲमेझॉनच्या हरकतींत अडकला. भाडें थकल्यामुळें २०२२ च्या फेब्रुवारींत दुकानांच्या जागाच रिलायन्सकडे गेल्या. त्याच वर्षीं जुलैमध्यें फ्यूचर रिटेल कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, आणि जुलै २०२४ मध्यें ती मोडींत काढण्याचा हुकूम निघाला. भागधारकांच्या हातीं धुपाटणेंहि राहिलें नाहीं. त्यापूर्वी मद्रासची 'सुभिक्षा' २००९ सालीं अशीच बसली. आणि २००७ सालीं २७० रुपयांनीं शेअर विकणारी विशाल रिटेल कर्जांत बुडून २०११ सालीं धंदा विकून मोकळी झाली. ह्या दुकानांचें नांव पुढें नव्या मालकांकडे चांगलें चाललें, इतकें कीं डिसेंबर २०२४ मध्यें 'विशाल मेगा मार्ट'चे शेअर ७८ रुपयांनीं पुन्हा लोकांपुढें आले. दुकान तेंच राहिलें आणि जुना भागीदार तेवढा नाहींसा झाला!

डी-मार्टच्या जागा स्वतःच्या व कर्ज नांवापुरतें, म्हणून तिचें असें होईल असें आम्हांस वाटत नाहीं. पण तिलाहि नवा प्रतिस्पर्धी भेटला आहे. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट ह्या मंडळींचे पोरगे दहा-वीस मिनिटांत दारांत पिशवी आणून देतात. मोठ्या शहरांतील दुकानांवर ह्याचा परिणाम दिसतो हें ऑक्टोबर २०२४ मध्यें कंपनीनें स्वतः कबूल केलें, आणि १४ ऑक्टोबरच्या एका दिवसांत शेअर शेंकडा आठच्या सुमारास कोसळला. जानेवारी २०२५ मध्यें आणखी एक वार्ता आली: ज्यांनीं हा डोलारा वर्षानुवर्षें सांभाळला ते श्री. नेव्हिल नोरोन्हा मुदत संपतांच निवृत्त होणार, व त्यांच्या जागीं युनिलिव्हरमधून श्री. अंशुल असावा येणार. ज्या भावांत चुकीला जागा ठेवलेली नाहीं तेथें असल्या बातम्या जड जातात.

"मग आमच्या जिल्ह्यांतल्या कंपनीचे घ्यावे काय?" असें एका भगिनींनीं विचारलें आहे. त्यांचा रोख मॉईलवर आहे. तुमसर तालुक्यांतील डोंगरी बुजुर्ग व चिखला ह्या मँगनीजच्या खाणी ह्या सरकारी कंपनीच्या. डोंगरी बुजुर्गचें खनिज कोरड्या बॅटऱ्यांस लागतें, म्हणजे डी-मार्टच्या मांडणीवरील सेलांतहि आमच्या जिल्ह्याची माती असूं शकते. डिसेंबर २०१० मध्यें हिचा शेअर ३७५ रुपयांनीं विकला गेला, किरकोळ अर्जदारांस शेंकडा पांच सूट होती. २०१७ सालीं एकास एक बक्षीस मिळून एकाचे दोन झाले, आणि मार्च २०२५ अखेर प्रत्येकाचा भाव तीनशेंच्या वर होता. म्हणजे सव्वाचौदा वर्षांत पावणेचारशेंचे साडेसहाशेंच्या आसपास. मध्यंतरीं लाभांश मात्र नेमानें मिळाला. दोन्ही शेअर एका हिशेबाचे नव्हत. एकाची किंमत मँगनीजच्या जागतिक भावाबरोबर हेलकावे खाते, दुसऱ्याची लोकांच्या अपेक्षेबरोबर. आपल्या गांवची खाण म्हणून शेअर घेणें आणि आपण किराणा घेतों म्हणून शेअर घेणें, ह्यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं.

पवनीच्या कुटुंबास आमचें सांगणें येणेंप्रमाणें आहे. मोबदल्याच्या रकमेंतून एकाच कंपनीच्या शेअरांत अर्धा भाग घालूं नये. ह्या घरीं तर मुळींच नये. धाकट्या बंधूंस ही कंपनी आवडते तर त्यांनीं आपल्या पगाराच्या शिलकींतून, आपल्या नांवें, दरमहा एक-दोन शेअर घ्यावे. चढ्या भावाला कमी येतील, उतरत्याला अधिक. वर्षाकाठीं कंपनीचा अहवाल येतो तो वडील बंधूंनींहि वाचावा. त्यांत नवीं दुकानें किती, जुन्या दुकानांची विक्री किती वाढली, आणि शंभर रुपयांमागें उरलें किती, ह्या तीन आंकड्यांवर बोट ठेवलें कीं पुरे. समाईक रकमेंतील कांहीं भाग वाढीसाठीं ठेवावा असें सर्वांसच वाटत असेल तर तो अनेक कंपन्यांत विभागलेल्या एखाद्या निर्देशांकाच्या फंडांत, पांच-सात वर्षें लागणार नाहीं इतकाच, शेंकडा पंधरा-वीसच्या आंत घालावा. मातुःश्रींच्या वांट्याची रक्कम मात्र ठेवींतच राहूं द्यावी. त्या व्यवहारांत अडाणी आहेत असें धाकटे बंधु लिहितात. परंतु जिनें एकदां पाणी चढतांना पाहिलें तिला धोक्याची व्याख्या शिकविण्याची आवश्यकता नाहीं.

ह्यापूर्वी एक गोष्ट उरकावी लागेल, आणि ती ह्या पत्रांत कोठेंच नाहीं. गोंदियाच्या भगिनीस कोणीं विचारलें आहे काय? शेत वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनें मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि वडील त्या वेळीं हयात होते कीं नव्हते ह्यावर तो अवलंबून नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें ठरविलें. शेत वडिलांनीं स्वतः मिळविलेलें असून मृत्युपत्र केलेलें नसेल तरी पत्नी, पुत्र व कन्या ह्यांचा वांटा सारखाच. मोबदला शेताच्या जागीं आला, तेव्हां हक्कहि त्याच्या मागोमाग आला. पूर्वीच रीतसर वांटणी किंवा हक्कसोड झाली असेल तर निराळें. नसेल तर तिच्या लेखी संमतीवांचून ह्या पैशास हात लावणें म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर व्यापार करणें होय.

खातें कोणाच्या नांवें असावें हाहि प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. धाकट्या बंधूंच्या डीमॅट खात्यांत पडलेले शेअर कायद्याच्या कागदावर त्यांचेच दिसतात. त्यांनीं नॉमिनी म्हणून वडील बंधूंचें नांव घातलें तरी भागत नाहीं. कालनिर्णयकार जयंतराव साळगांवकर ह्यांच्या पश्चात् त्यांच्या वारसांत जो वाद झाला, त्यांत सर्वोच्च न्यायालयानें १४ डिसेंबर २०२३ रोजीं स्पष्ट केलें कीं, नॉमिनी हा शेअरांचा मालक होत नाहीं. मालकी वारसाहक्कानें किंवा मृत्युपत्रानेंच ठरते. तेव्हां समाईक पैसा एका भावाच्या खात्यांत गेला आणि दुर्दैवानें त्याचें बरेंवाईट झालें, तर तो समाईक होता हें त्याच्या विधवेपुढें आणि लेकरांपुढें शाबीत करण्याची पाळी इतरांवर येईल. त्या प्रसंगाहून भाव पडलेला पुरवला. समाईक पैसाच गुंतवावयाचा असेल तर एकत्र कुटुंबाच्या नांवें स्वतंत्र पॅन घेऊन डीमॅट खातें उघडतां येतें. त्यावर कर्ता सही करितो. त्या खात्यास मात्र नॉमिनी नेमतां येत नाहीं. कर्ता गेल्यास पुढील कर्त्याचें नांव लावून घ्यावें लागतें, आणि त्यासाठीं इतर सभासदांचीं संमतिपत्रें लागतात. विक्रीवरील कर २३ जुलै २०२४ पासून असा आहे: वर्षाच्या आंत विकल्यास नफ्यावर शेंकडा वीस, वर्षानंतर विकल्यास सालीना सव्वा लाखापर्यंतचा नफा सोडून वरच्या रकमेवर शेंकडा साडेबारा.